कॉम्प्युटरची घरघर

प्रिय ठमे,

तू पाठवलेलं कानाचं यंत्र मी परत करणार होतो. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच. पहिल्याच सकाळी ते लावलं आणि नेहमीसारखा तुला पत्र लिहायला कॉम्प्युटर चालू केला. लगेच कानात घरघर सुरू झाली. यंत्र काढलं, थांबली. पुन्हा लावलं, पुन्हा सुरू. यंत्रातच खोट आहे असं ठरवून मी ते डबीत ठेवलं आणि आपल्या लेकीला कुणीतरी फसवलं म्हणून तुझ्या आईला सांगायला गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तोंडाशी धरून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. अहो, तो कॉम्प्युटर ओरडतोय, म्हणाली, केव्हाचा ओरडतोय. तुम्ही लिहायला बसलात की मी दार लोटून घेते ते काय उगाच? मला वाटायचं, माझी तंद्री मोडू नये म्हणून ती लोटते.

मग यंत्र पुन्हा कानात घातलं आणि कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढला. आत दोन पंखे, एक मध्ये, एक मागे. पेन्सिलीच्या रबरानं मधला अलगद थांबवून पाहिला, घरघर चालूच. मागचा थांबवला, आवाज बंद. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून तो पंखा सोडवला. पात्यांवरची धूळ ब्रशनं झाडली, पण तो आसावर डगमगतच होता. दुकानात नेला. दुकानदारानं बोटानं फिरवून पाहिला आणि म्हणाला, काका, हा तर कधीचाच गेलाय, घरात कुणाला ऐकू येत नाही का? मी म्हटलं, येत होतं, पण कुणी बोललं नाही.

नवा पंखा बसवला. बटण दाबलं. काही सुरूच झालं नाही असं वाटलं, इतका तो शांत. त्या शांततेत मग एकेक आवाज यायला लागला. शेजारी कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. आणि लोटलेल्या दाराआड तुझी आई. माझ्याशीच बोलत होती. नळ ठिबकतोय, जरा बघा, म्हणत होती, आणि माझ्या वतीनं बघतो हं, असं उत्तरही तीच देत होती. मी उठून नळ बघितला. त्यानंतर तिनं दार पुन्हा लोटलं नाही.

ठमे, तुझा फोन आला की मी हो, छान, आईशी बोल, एवढं म्हणून मोकळा व्हायचो. नंतर तुला ही लांबलचक पत्रं लिहायचो. पत्रात जिव्हाळा असतो, फोनमध्ये काय आहे, असं वर ऐकवायचो. खरं कारण तुला ठाऊक होतं. ते तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस. नोकरी आणि लहानगीला सांभाळून माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहीत राहिलीस. तुम्ही दोघींनी मला फार जपलंत. त्याचे आभार लिहून मानायला मन घेत नाही. रविवारी फोन कर. आई उचलेल. तिला सांग, बाबांना दे.

तुझाच,
बाबा