दगडचाट्या डर्मट

३ मार्च १८९८
ठरलं! आमच्या गावात, वॉटलबर्नमध्ये, पहिलं सोनं शोधणाऱ्याचं स्मारक होणार. आणि नाव? दिवंगत ग्रिमवेड साहेबांचं! का, तर सोनं सापडलं त्या टेकडीशेजारी त्यांचा बंगला होता. माझा डर्मट चहात पाव बुडवत म्हणतो, "जाऊ दे गं नोरा. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं!"
मी भांडणार.

४ मार्च
पस्तीस वर्षं झाली, तरी तो सोमवार डोळ्यांपुढे आहे. मी मठाच्या शाळेत, खिडकीपाशी, हातात भरतकाम. बाहेर परांचीवर एक तरुण गवंडी. प्रत्येक दगड बसवण्याआधी त्याला जीभ लावायचा — ओल्या दगडात चीर लपत नाही, ही बापाची शिकवण. गावात त्याला दगडचाट्याच म्हणत. आम्ही मुली तोंडावर हात धरून हसायचो.
त्या दिवशी टेकडीवरून आणलेली एक गारगोटी चाटली आणि ओरडला, "सोनं! अरे, सोनं!" सगळं गाव टेकडीकडे पळालं. आणि हा? कालवलेला चुना वाळेल म्हणून भिंत पुरी करत बसला! संध्याकाळी टेकडीवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती.
मी मात्र त्याच दिवशी त्याची झाले.

११ मार्च
सभा.  मठाच्या शाळेतल्या सिस्टर अलॉयसियांचे शब्द आठवले — पाठ ताठ, शेवटचा शब्द गिळायचा नाही. सगळं सांगितलं. ग्रिमवेडांचा मुलगा उठला. "नवऱ्याची साक्ष बायकोने द्यायची होय?" लोक हसले.
मागे काठी आपटली. सिस्टर! ऐंशीच्या!
"मग माझी घे. त्याने भिंत अर्धी टाकली नाही, म्हणून सोनं तुम्हाला मिळालं. तुझे वडील त्या आठवड्यात मेलबर्नला घोडे बघत होते, बाळा."
हात वर झाले. सगळ्यांचे!

२३ एप्रिल
'डर्मट फ्लिन, गवंडी.' दगडात कोरलेलं! बँड वाजला, मी रडले. डर्मटला भाषण सुचेना. सवयीने वाकला आणि नावाखालच्या गारगोटीच्या पांढऱ्या शिरेला जीभ लावली. केवढा हशा! "दगडचाट्या, म्हातारा झालास, आता तरी सुधार!"
तो हसला नाही.  वाटलं, जिव्हारी लागलं. दाराशी आल्यावर त्याने हळूच विचारलं, "नोरा, हा दगड आणला कुठून?"
"पलीकडच्या सरकारी माळावरून. का रे?"
 तो ओठ पुसत होता.

२५ एप्रिल
कचेरी उघडताच खाणीचा परवाना काढला — माझ्या नावाने. कारकून म्हणाला, "आजीबाई, या वयात सोनं खणणार?" म्हटलं, "बघू या."
मग दोघं माळावर सहलीला गेलो. टोपलीत वर पाव, खाली हातोडी. या वेळी डर्मट ओरडला नाही. फुटलेला दगड नुसता माझ्यापुढे धरला.
मीही जीभ लावली.