केन्याची मागची बाजू

रविवार संध्याकाळ, सप्टेंबर

रानफुलांच्या पुस्तकातलं केन्याचं पान उद्या दुपारी छपाईला जातंय आणि फोटोखालचं 'साधा केना' हे नाव मला खटकतंय. साध्या केन्याच्या फुलामागचा हिरवा द्रोण तळाशी जुळलेला असतो. त्याच्या भावाचा, म्हणजे केन्याच्याच दुसऱ्या जातीचा, उघडा. फोटो मात्र वरून काढलेला! मग द्रोण दिसणार कसा? फोटोग्राफर सुभाषला हर्सूल तलावावर ओढत नेलं.

"सर, फुलं दुपारीच मिटली असतील."

"फूल कुणाला बघायचंय?"

त्यानं फोटोतला वेल दाखवला. मी द्रोण उलटा करून पाहिला. उघडाच.

"म्हणजे माझा फोटो बाद?"

"फोटो झकास आहे रे. नाव बदलू. पण पानावर साधा केनाही हवाच. तो माझ्या कुंपणात माजलाय, सकाळी फोटो काढायला ये."

घरी आलो तर बायको कढईपाशी. "अहो, सगळा भजीला तोडला की! कोपऱ्यात एक वेल राहिलाय तेवढा."

एक पुरे. भजी झकास झाली होती.