डावीकडची सीट

कारखाना वसाहत,
जि. उस्मानाबाद
वैशाख, १९८६

प्रिय महादेवी,

एवढं लिहून मी थांबलो होतो. इतक्या वर्षांत तुला एकदाही पत्र लिहिलं नाही, त्यामुळं मायना काय घालावा तेच सुचेना. भिमा, माझी बायको, शेजारी ज्वारी निवडत बसली होती. माझा थांबलेला हात बघून म्हणाली, "प्रियच लिवा की. शेटाणीबाई लिवलं तर तिला वाटंल, दुसऱ्याच कुणाचं पत्र हाय." तेव्हा मायना भिमाच्या संमतीनं आहे, आणि पत्र झाल्यावर तिला वाचून दाखवायचं कबूल केलंय. तू निवांत वाच.

इकडं कारखाना यंदा माघातच बंद झाला. गाळायला ऊसच नव्हता. चिमणीला धूर नाही, गव्हाणीपाशी गाड्या नाहीत. दुपारी वर्कशॉपच्या पत्र्यावर कबुतर चाललं तरी त्याची पावलं ऐकू येतात. अशाच एका दुपारी मी लेथ पुसत होतो आणि फाटकातून तुमची ती हिरवी एम.जी. मोटार आत आली. लांब नाकाची, उघड्या टपाची, दोनच माणसांची. हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या घरून बसवराजांनी हौसेनं आणलेली, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. लांबून झळांमध्ये तिची चाकं रस्त्याला टेकलेली दिसेनात. पाण्यावरून तरंगत यावी तशी ती आली. तुझ्या नवऱ्याला, बसवराजांना, मी आजवर लांबूनच पाहिलं होतं. एकटेच होते. डावीकडच्या जागेवर त्यांनी रुमालसुद्धा ठेवलेला नव्हता. उतरले आणि म्हणाले, "फोरमनसाहेब, ह्या गाडीतनं आता कुणी बाहेर पडता कामा नये. तेवढं करून द्या."

दिवाळीनंतरचा अपघात मला लोकांकडून कळला होता. बसवराज चालवत होते, वळणावर ह्याच गाडीचं डावं दार आपसूक उघडलं आणि तू रस्त्याकडेच्या खडीत फेकली गेलीस. कमरेचं हाड मोडलं, सोलापूरच्या दवाखान्यात महिने गेले आणि तिथून तू सासरी उमरग्याला न जाता अणदूरला आईकडं आलीस. नंतर कुठल्याच मोटारीत पाय ठेवला नाहीस, एस.टी.तसुद्धा नाही, असं ऐकतो. त्या गाडीची दारं मागच्या अंगाला बिजागऱ्यांवर आहेत. एकदा खटका सुटला की वारा ती उघडूनच टाकतो. त्यात तू कशाला धरून बसली असशील? सीटला सलग एकच पाठ, आणि ती पाठ तरी कुठं घट्ट होती.

बसवराजांनी सोबत मुंबईहून आणलेले पट्टे होते. शर्यतीच्या गाड्यांत लावतात तसले, दोन खांद्यांवरून आणि दोन कमरेवरून येऊन मध्ये जुळणारे. पण जुने होते. घडी उलगडली तर आत गडद निळे आणि वरून उन्हानं पांढुरके. असा पट्टा दिसायला दणकट असतो आणि नेमक्या हिसक्याला तुटतो. मी ते परत दिले, आणि त्यांनी मद्रासहून नवे मागवले. खरा वाद झाला तो कमानीवरून. सीटच्या मागं डोक्याच्या वर जाईल अशी पोलादी नळीची कमान आधी बसवायची, मगच पट्टे, असं मी म्हणालो. त्यांना ते पटेना. गाडीचं रूप जाईल म्हणाले. मी म्हणालो, पट्टा माणसाला गाडीतच धरून ठेवतो, आणि उघड्या टपाची गाडी उलटली तर धरून ठेवलेल्या माणसाच्या डोक्यावर काय येणार? ते उठून गेले. आठवडाभर आलेच नाहीत. मला वाटलं, काम गेलं. मग एका सकाळी आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "लावा. रूपाचं काय घेऊन बसलोय मी."

त्या गाडीचा सांगाडा लाकडाचा आहे, तळसुद्धा फळ्यांचा. फळीला बोल्ट आवळला तर हिसक्यासरशी फळीसकट वर येईल. म्हणून मी खालच्या लोखंडी चासीला पोलादी पट्ट्या आडव्या जोडल्या, कमानीचे पाय, मी केलेल्या दोन नव्या सीटांचे पाय आणि कमरेच्या पट्ट्यांची टोकं त्यांना धरवली. दारांना दुसरी कडी बसवली. पुण्यात गाड्या तपासण्याच्या कामावर असलेला माझा डिप्लोम्याचा मित्र येऊन सगळं हलवून, ओढून बघून गेला. खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीतल्या दोन खाचांतून निघून मागं कमानीच्या आडव्या नळीला सरळ जायला पाहिजेत. खाचा बसणाऱ्याच्या खांद्यापेक्षा खाली पडल्या तर पट्टा पाठीचा कणाच खाली दाबतो. म्हणून बसल्यावर तुझा खांदा कुठं येतो, ते माप लागत होतं.

मी बसवराजांना विचारलं. दुसऱ्या दिवशी ते सुतळीचा एक तुकडा घेऊन आले, त्याला दोन गाठी. म्हणाले, "सैपाकघरात ती भिंतीला टेकून बसते. तिथं तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडलाय. खालचं टोक जमिनीला, वरची गाठ डागाची. खांदा त्याच्याखाली एवढा यावा, अंदाजानं दुसरी मारलीय." ती सुतळी त्यांनी माझ्या हातात फार जपून दिली. मी सीटच्या चौकटीला लावून बघितली. माप बरोबर होतं, महादेवी. बरोबर आहे हे मला कसं कळलं, ते त्यांनी विचारलं नाही.

खाचांची परीक्षा मला घेता येईना, मी उंच. भिमा साधारण तुझ्याएवढीच. सीटच्या गाद्या तिनंच शिवल्या होत्या, म्हणाली मीच बसते. आपल्या गावाबाहेरचा तलाव यंदा पार आटलाय, बहात्तरच्या दुष्काळासारखा. आतली माती तडकून फरशीसारखी पसरली आहे, दगड नाही, झाड नाही. भिमाला डावीकडं बसवलं, पट्टे आवळले आणि गाडी तळात घातली. ब्रेक करकचून दाबला, वळवली, पुन्हा पळवली. मागं धूळ उठून तिथंच तरंगत राहायची, जणू वर अजून पाणीच असावं. मधोमध तो पाण्याखालच्या देवळाचा चौथरा उघडा पडला होता. भिमा म्हणाली, "हितंच बसायचा न्हवं तुमी दोघं?" मी म्हणालो, व्हय. "थांबवा जरा मग." मी इंजिन बंद केलं. आम्ही पट्ट्यांसकट तसेच बसून राहिलो.

बहात्तर साली आपण त्या चौथऱ्यावर बसायचो तेव्हा तू म्हणायचीस, आपल्या डोक्यावर चार पुरुष पाणी आहे, फक्त यंदा दिसत नाही. वर एखादी घार फिरायची आणि तू तिला मासा म्हणायचीस. तुमच्या घरात बसवेश्वरांची तसबीर, आमच्या घरात बाबासाहेबांची. शेजारी शेजारी टांगल्या असत्या तर दोन्ही शोभल्या असत्या, पण भिंती वेगळ्या होत्या आणि आपण दोघंही त्या ओळखून होतो. पाऊस आला, चौथरा बुडाला, तू उमरग्याला गेलीस. कुणी कुणाला फसवलं नाही. हे सगळं मी भिमाला तिथं बसूनच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झोप लागंल अशी सीट झालीया. जावा आता, भाकऱ्या ऱ्हायल्यात." वाटेत तिनं माझा हात गिअरवरून काढून एकदा दाबला आणि परत तिथंच ठेवला.

तुझ्यासाठी एवढं लक्षात ठेव. आधी कमरेचा पट्टा, निऱ्यांच्या खाली, दोन्हीकडच्या हाडांवर. पोटावर कधीच नाही. तो घट्ट झाला की मगच खांद्याचे ओढायचे, नाहीतर ते कमरेचा वर खेचतात. हाड आता पक्कं जुळलंय, पट्टा चालेल, असं सोलापूरच्या डॉक्टरांना बसवराज विचारून आलेत. मधल्या कडीला अंगठ्यानं एक पीळ दिला की चारही पट्टे एकदम सुटतात. तुला कुणी बांधून घातलेलं नाही. सोडायचं तुझ्या हातात आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. काल काम बघून झाल्यावर बसवराज म्हणाले, "मी सांगितलं तर तिला वाटेल, गाडीच्या हौसेपायी बोलवतोय. तुम्ही लिहा. तुमचं तिला खरं वाटेल." तेच पुढं म्हणाले, "तलावाचं तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच मला सांगितलंय." तेव्हा पत्र त्यांच्याच हाती देतोय. ते कुणाकडून तरी आत पाठवतील आणि स्वतः तुझ्या आईच्या दारासमोर गाडीपाशी उभे राहतील. तू बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाहीत. तू गाडीला नको म्हणालीस तर ती विकून टाकणार आणि बैलगाडी जुंपून न्यायला येणार, वाटेत एक मुक्काम करू म्हणाले. आणि घरीच यायचं नसेल तर तेही ऐकून घेतील. मला त्यांनी एवढंच विचारलं, "सहा महिन्यांत तिनं मला एकदाही का म्हटलं नाही, चूक तुमची आहे म्हणून?" याचं उत्तर माझ्यापाशी नाही, तुझ्यापाशी असेल. ते सावकाश दे. पण बाहेर ऊन फार आहे, आधी त्यांना पाणी दे.

तुझ्या गावचा आणि तुझाच,
मच्छिंद्र