आसारामची सही

नेवासा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. अजिनाथ यास अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप. पुण्यात तुझं बरं चाललं असेल. इकडे हरभरा घाट्यांनी भरलाय आणि मी अजून आंघोळ करताना कविता म्हणतो. नात दिशा कानांवर हात ठेवते.

तू पाठवलेली फाइल मिळाली. शाळेतल्या कविता म्हणून दाखवणारं सॉफ्टवेअर तू बनवलंस, हे वाचून दिवसभर तरंगत होतो. उघडायला गेलो, तर कॉम्प्युटर म्हणाला, प्रकाशक अज्ञात.

"आजोबा, थांबा. आधी सही बघायची." दिशा धावत आली.

फाइलला सही असते, हे मला नवंच. उजवं बटण दाबून तिनं एका कंपनीच्या फाइलची सही दाखवली. बनवणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं. नंतर कुणी एक अक्षर जरी बदललं, तरी सही मोडते म्हणे. एक मात्रा हलली की वृत्त मोडतं, तसंच की. तासभर मी एकेक फाइल तपासत बसलो. तुझ्या फाइलला मात्र सहीच नव्हती.

"म्हणजे खोटी?"

"खोटी कुठं म्हणतेय? कुणाची ते कळत नाही, एवढंच. त्यांना फोन करून विचारा ना."

फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

तू माझ्या वर्गात, सातवीत होतास. आईवडील ऊसतोडीला गेलेले. तू फडावर जाऊन प्रगतिपुस्तकावर सही आणलीस. ठसठशीत, 'आसाराम'. मी वर्गासमोर म्हणालो, "तुझा बाप अंगठेबहाद्दर. ही तूच ठोकलीस."

"न्हाई गुर्जी, बापानंच केली हाय."

मी कवितापाठाच्या स्पर्धेतून तुझं नाव खोडलं.

उन्हाळ्यात आसाराम तुझा दाखला न्यायला आला. जीभ दातांत धरून त्यानं रजिस्टरवर सही केली. तीच. "फडावर, कोपीच्या खोपटात पोरानं शिकवली, गुर्जी," म्हणाला. मी दाखला दिला. त्याला काही बोललो नाही, तुलाही नाही. इतकी वर्षं.

फाइल अजून उघडलेली नाही, मोह फार होतो तरी. सही करून पुन्हा पाठव. तेव्हा न तपासता बोललो, आता तपासून ऐकेन.

माझी सही तू दाखल्यावर पाहिली आहेस. ती आज करायला हात धजत नाही. खाली अंगठा उमटवतोय. माझाच आहे का, ते एकदा येऊन तपास.

तुझा चुकलेला,
आबासाहेब गुरुजी
(डाव्या हाताचा अंगठा)