अप्पांच्या समुद्राची लांबी

ती. सौ. उमाअक्काच्या चरणी धाकट्या विरूपाक्षाचे शरणार्थ.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे कळेलच. दाजींचा दमा, तुझे गुडघे आणि हुमनाबादच्या तुमच्या विहिरीचं पाणी हे सगळं ठीक असेल अशी आशा आहे. (हल्ली पाण्याची चौकशी आधी करतात, पण दाजी मानाचे आहेत.) तुझी भावजय शरणम्मा तुला नमस्कार सांगते. टँकर येईपर्यंत ती वाट पाहते आणि टँकर आला की भांडते, त्यामुळे तिला स्वतः लिहायला सवड नाही. अप्पांनी मला तुला एकच ओळ लिहायला सांगितली आहे. ती शेवटी लिहितो. इतक्या वर्षांनी बहिणीला पत्र आणि त्यात एकच ओळ, हे मला बरं दिसेना.

आपल्या समुद्राचा इतिहास तुला पाठ आहे, पण दाजींना तो तुझ्याच तोंडून कळलेला, म्हणजे त्यात अप्पांच्या बाजूचं काही नसणार. अप्पा तरुणपणी गोकर्णाला गेले ते महाबळेश्वराच्या दर्शनाला. दर्शन झालं असं ते म्हणतात, पण आम्हाला त्यांनी पिंडीचं वर्णन कधी सांगितलं नाही. सांगितलं ते समुद्राचं. परत आले आणि चालतं किराणा दुकान काकांच्या गळ्यात घालून गावच्या तळ्यावर जाऊन बसले. तळ्यात खांब रोवून फळ्यांचा रस्ता केला, त्याच्या तोंडाशी हातानं फिरवायचा लाकडी पाळणा, घोड्यांचं चक्कर, माणूस ठेंगणा आणि जाड दिसतो तो आरसा (आपल्या थोरल्या आत्यानं त्यात पाहिलं आणि काहीच फरक दिसत नाही म्हणून तिकिटाचे पैसे परत मागितले), आणि बाजूला अव्वाची भज्यांची कढई. अहमदपूरच्या बाजाराला निघालेली माणसं गाडी वळवून यायची. नियम एकच होता. फळ्यांच्या टोकाला बसलं की पाय पाण्यात बुडाले पाहिजेत. पाय भिजले नाहीत तर समुद्र कसला, असं अप्पा म्हणत, आणि ते खोटं कसं म्हणायचं?

घोळ झाला तो इथंच. पाणी मागे सरलं की दुसरा कुणी दुकान बंद करून घरी गेला असता. अप्पांनी फळ्या वाढवल्या. पाणी पुढे, त्याच्या मागे फळ्या, आणि फळ्यांच्या मागे आपलं घर. जितका दुष्काळ मोठा तितका आपला समुद्र लांब. आधी माळ्याच्या फळ्या गेल्या, मग कोठीच्या, मग न्हाणीघराचं दार. (तेव्हापासून आपल्याकडे अंघोळीला बसलेला माणूस मोठ्यानं वचनं म्हणतो. पाहुण्यांना वाटतं घर फार धार्मिक आहे.) आणि बहात्तरला तुझी बंगई. पंचमीला झोके घ्यायला माहेरी आलीस, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी माजघरात गेलीस, तर आढ्याला नुसत्या कड्या लोंबत होत्या. तुझ्या वेळच्या बाळंतपणात अव्वानं हौसेनं करून घेतलेली सागवानी फळी तळ्यात पोचली होती. तू पाणीसुद्धा न पिता आल्या पावली स्टँडवर गेलीस. (घरात पाणी नव्हतंच, पण विचारायची तरी पद्धत असते.) पुढं अव्वा गेली, तिच्या मातीला आलीस ती परस्पर मळ्यात, आणि तिथूनच गेलीस. घराचा उंबरा तू चढली नाहीस हे अप्पांनी पाहिलं होतं.

मग लातूर जिल्हा झाला. पेढे आपल्याकडेही वाटले. अप्पांना वाटलं, नवा संसार मांडला की भांडीकुंडी लागतात, तसा नव्या जिल्ह्याला समुद्र लागणारच. त्यांनी अर्ज दिला. जुन्या जिल्ह्यानं तो नव्याकडे धाडला, आणि नव्याच्या कचेरीत अजून खुर्च्याच यायच्या होत्या. शेवटी या उन्हाळ्यात एक साहेब जीपनं आले. आम्ही आरसा पुसला, अप्पा इस्त्रीचं धोतर नेसले. साहेब पोरसवदा पण भला माणूस. दोन्ही बाजूंनी भेगाळलेला गाळ बघत ते फळ्यांवरून चालत राहिले, आणि टोकाला पोचले तर आपल्या अंगणाएवढं डबकं, त्यात व्यंकटीचा देवणी बैल. (व्यंकटी म्हणजे आपला पाळणा फिरवणारा जुना गडी. पाळणा बंद पडल्यापासून तो बैल फिरवतो.) अप्पांनी साहेबांच्या देखत व्यंकटीला विचारलं, बैलाचं तिकीट काढलंस का? व्यंकटी म्हणाला, "अप्पा, त्यो मजेला बसला न्हाई, रुतलाय." साहेबांनी बूट-मोजे काढून पाय बुडवायची तयारी दाखवली, पण बैलानं जागा दिली नाही.

साहेबांनी तिथंच ठरवलं. तळ्यातला गाळ काढायचं दुष्काळी काम सुरू करायचं, लोकांना मजुरी मिळेल, तळं खोल होईल, तेवढ्या फळ्या उचला. अक्का, यात साहेबांचं काहीच चुकलं नाही, आणि हीच तर पंचाईत आहे. अख्खं गाव त्या कामाकडे डोळे लावून बसलंय. आणि अप्पा जाऊन बसलेत फळ्यांच्या टोकाला. डबकंही आटलं, तरी तिथंच आहेत. मी वर छत्री बांधली आहे. पाय सुजलेत, अंगात ताप आहे. अहमदपूरचे डॉक्टर फळ्यांवर मांडी घालून तपासून गेले, म्हणाले घरी न्या. उचलायला गेलो की फळी घट्ट धरतात. टोपल्या घेऊन थांबलेल्या बायकांमधली केवळाबाई पुढं झाली आणि म्हणाली, "अप्पा, लेकरं उपाशी हायती, उठा की आता." अप्पा म्हणाले, "बाकीच्या फळ्या न्या माय. ही माझी न्हाई. जिची हाय तिच्याच हातात देईन." ती फळी कोणती, हे तुला सांगायला नको. गाव म्हणतं म्हातारा हट्टाला पेटलाय. मला तो जायला निघालेला दिसतो. मला भीती वाटते, अक्का, आणि घरात हे बोलायला कुणी नाही.

तुझा धाकटा,
विरूपाक्ष

ता. क. दाजींना पत्र वाचायला दे, पण न्हाणीघराच्या दाराचं त्यांना सांगू नकोस. त्यांनी आपल्या घरच्या भक्तीचं फार कौतुक केलेलं आहे.

पुन्हा ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात इकडे बाकीच्या सगळ्या फळ्या निघाल्या आणि काम सुरू झालं. केवळाबाई आणि बाकीच्या बायका अप्पांच्या चहूबाजूंनी गाळ काढताहेत, त्यांच्या खालचा तेवढा सोडलाय. त्यामुळे तळं जसं खोल जातंय तसे अप्पा उंच होताहेत. आता टोकापर्यंत फळ्यांवरून जाता यायचं नाही, गाळातूनच जावं लागेल. जुन्या चपला घालून ये.

आणखी एक ता. क. अप्पांची ओळ राहिलीच. त्यांनी सांगितलं ते असं : "समुद्र काठोकाठ भरलाय, तुझी बंगई टांगून ठेवलीय, पंचमीला ये." यातलं पहिलं खोटं आहे. बंगईचं तू आलीस की खरं होईल, आढ्याच्या कड्यांना मी आजच तेल घातलंय. पंचमीपर्यंत मात्र ते थांबतील असं मला वाटत नाही. तू मिळेल त्या गाडीनं निघ.