मागचा पाटा

नेर, १० मार्च १९६२

प्रिय गोविंदा,

तुझ्या बाबांची पिकप भंगारात देऊन टाक, असं तू लिहिलंस. तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी ती मोहिउद्दीन मिस्त्रीकडे नेत होते, शेजारच्या धावजीचे बैल जुंपून. लढाईनंतर लष्करानं विकून टाकलेली गाडी बैलांमागे निघाली तेव्हा अर्धं नेर हसलं. मीही थोडी हसले.

कुत्रं बसतं तशी ती डावीकडून मागे बसली होती. मिस्त्रीनं तिला ठोकळ्यांवर चढवून मागचे पाटे सोडवले. इतकी वर्षं त्या गाडीत बसले, पण ती कशावर तोलते ते कधी पाहिलं नव्हतं. वाकलेल्या लोखंडी पट्ट्या. सगळ्यात लांब ती वर, तिच्याखाली आखूड, मग आणखी आखूड, मधोमध एका पकडीत आवळलेल्या. ओझं आलं की साऱ्या मिळून सरळ होतात, उतरलं की पुन्हा वाकतात. माझा चहा निवून गेला. मिस्त्री म्हणाला, "काय पाहून राह्यल्या बाई, लोखंड हाय ते, देव नाही." मी म्हटलं, "देव तर आम्ही सोडले मिस्त्री. मले लोखंडच पाहू द्या."

आपण दीक्षेला नागपूरला गेलो ते तुला आठवत असेल. सारी वस्ती पांढऱ्या कपड्यांत मागे उभी, पाय ठेवायला जागा नव्हती. वाटेत एका खड्ड्यात टणकन आवाज झाला. बाबांनी खाली शिरून हात फिरवला, काही लागलं नाही. "गाडीबी खुश हाय," म्हणाले, आणि निघालो.

मिस्त्रीनं तुटलेला वरचा पाटा माझ्या हातात दिला. पकडीच्या आतच तुटलेला, जिथे डोळा पोचत नाही की बोट. "पुस्तकं वाचता ना बाई, मंग हे वाचा." तुटल्या तोंडावर सगळीकडे जुना काळा गंज, फक्त एका कडेला दोऱ्याएवढी ताजी चमक. "हा कधीचाच तुटत आलता. खालच्यायनं धरून ठेवला. त्या दिवशी गाडी रिकामी असती तरी गेला असता." मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाही ना, असं मी विचारलं. तो रागावला. "गंज कोणाचं तोंड पाहून धरत नाही."

म्हणजे साऱ्या वस्तीला नेताना तो तडकला असेल, आणि बाकीचे पाटे त्याचं ओझं वर्षानुवर्षं वाहत राहिले. मला अजून नवल वाटतं.

नाल्याच्या उतारावर गाडी कलंडून बाबा गेले, त्या सकाळी कापसाची शेवटची दोन गाठोडी तू चढवलीस. बाबा नको म्हणत होते. तू हे कधी बोलला नाहीस. माती झाल्यावर गेलास तो आलाच नाहीस, दर कार्डात परीक्षेचं कारण लिहितोस. मलाही आता वाचता येतं, बाळा. तो पाटा मी मिस्त्रीकडे ठेवू दिला नाही. चुलीमागे आहे, गंजाची बाजू वर करून. येऊन आपल्या डोळ्यांनी पाहा. नवा पाटा बसला, गाडी दारात सरळ उभी आहे. ती चालवता येणारा आपल्या घरात आता तूच.

तुझीच
माय