चिरेतली पांढरी रेघ

४ जून
भाजलेल्या दाण्याच्या चिरेत पांढरी रेघ कुठून आली? मास्तरांनी विचारलंय, आणि मला उत्तर देता येत नाही.

मास्तर आमचं पहिलं गिऱ्हाईक. निवृत्त आहेत. रोज सकाळी लोखंडी कढईत आपली कॉफी आपण भाजतात. आज त्यांचं पत्र आलं, सोबत कागदाच्या पुडीत मूठभर दाणे. "बाई, तुमच्या एका पिशवीत दोन कॉफ्या आहेत. एक तडतडून गप्प होते, मग दुसरी सुरू होते. पुष्कळांची चीर तपकिरी, काहींची पांढरी. असं का होतं? मला शिकवा."

मला शिकवा! चार वर्षं शेतीचं शिकून आले, घरातली पहिली पदवीधर. आल्या आल्या बाबांच्या मागे लागले — या वर्षी फळं सोलायची नाहीत, धुवायची नाहीत, अख्खी वाळवायची. गराचा गोडवा दाण्यात उतरू द्यायचा. पिशवीवरचा मजकूरही माझाच — 'एकाच मळ्यातली. फळासकट वाळवलेली. घरी भाजण्यासाठी कच्चे दाणे.' चाळीस घरांत गेली ती. त्यातल्या प्रत्येक शब्दाचा मला केवढा अभिमान!

५ जून
घरी उरलेल्या पिशवीतले दाणे भाजून बघितले. मास्तरांचं बरोबर आहे.

६ जून
पांढरी रेघ धुतलेल्या — सोलून, गर धुऊन वाळवलेल्या — कॉफीची असते. हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय. काल सुचलं नाही असं नाही — सुचू दिलं नाही. कारण आमच्या मळ्यात या वर्षी एक फळसुद्धा धुतलेलं नाही.

आणि आणखी एक. पिशव्या भरताना मी ते दाणे पाहिले होते! आमचे सगळे पिवळसर, त्यात मधूनच स्वच्छ हिरवे. बाबांना विचारलंही. ते पोत्याचं तोंड उसवत होते. मान वर न करता म्हणाले, "सावलीतल्या झाडांचे आहेत ते."

मी लगेच वहीत टिपून घेतलं. पान आत्ता समोर आहे — 'सावलीतल्या झाडांचे दाणे हिरवट निघतात. — बाबा.' खाली दोन रेघा मारल्यात!

८ जून
आत्याकडे गेले. तिचा मळा आमच्या बांधाला लागूनच. ती सगळी कॉफी धुऊनच वाळवते. मी उगाच इकडचं तिकडचं बोलत बसले. तिनेच काढलं — "माझ्या दोन पोत्यांचं काय केलं गं तुम्ही? तुझा बाप घेऊन गेला, धुतलेली, निवडलेली. का, तुला नाही सांगितलं? अगं बाई! एवढी शिकलीस आणि घरात काय चाललंय ते ठाऊक नाही!"

हसत होती. मीही हसले. घर येईपर्यंत तोंड तसंच हसरं राहिलं, काही केल्या खाली येईना.

९ जून
आज बोलले बाबांशी. बोलायला नको होतं. नाही — बोलायलाच हवं होतं, पण असं नाही.

बाबा म्हणाले, "कॉफी ती कॉफी. तिचा मळा न् माझा मळा एकाच बापाने लावलेला. बांध आम्ही घातला, झाडांनी नाही घातला."

"मग पिशवीवर 'एकाच मळ्यातली' कशाला लिहिलंय?"

"ते तू लिहिलंस."

"पण कमी पडली कशी? दोन पोती कमी! चाळीस नसती भरली तर तीस भरली असती!"

बाबांनी कप तोंडाला लावला. मी विचारत राहिले, ते पीत राहिले. मग मी म्हणाले — इथे लिहितानाही हात अडतोय — म्हणाले, "तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून लिहिलेल्याची किंमत नाही तुम्हाला."

बाबा उठले. आपला कप विसळला, पालथा घातला, बाहेर गेले.

१० जून
बोलत नाहीत. मीही.

११ जून
आज घरात कॉफी कोणीच केली नाही.

१३ जून
आत्या आली. दारातूनच सुरू — "काय बोललीस गं माझ्या भावाला? दोन दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसतोय. विचारलं तर म्हणतो, गुडघा दुखतोय!"

मी सांगितलं. खोटं, भेसळ, चाळीस घरं, सगळं. ती खाली बसली.

मग म्हणाली, "तुझ्या पदवीदानाला गेला होता ना तो? दोन दिवस?"

फळं वाळवायला जाळीवर घातली की पहिले काही दिवस तासातासाला हाताने हलवावी लागतात. नाही हलवली तर आतून तापतात. हा नियम मीच आणला घरात, मीच घोकून घेतला बाबांकडून. शिकून परतले तरी पदवीदान नंतर होतं; मला वाटलं होतं बाबा येणार नाहीत. तोडणी ऐन भरात होती.

"मला सांगून गेला होता, जाळ्या हलव म्हणून," आत्या म्हणाली. "माझीही तोडणी चालूच. पहिल्या दिवशी एकदा हलवल्या, झाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आठवण झाली. परत आला तर एक जाळी बुरशीने पांढरी. अख्ख्या जाळीतली फळं खड्ड्यात पुरली त्याने. तू तुझ्या मैत्रिणींना भेटून चार दिवसांनी आलीस, तोवर जाळी धुऊन, वाळवून उभी! मीच म्हटलं, माझी दोन पोती ने, माझ्यामुळे झालंय. आणि तुला सांग म्हटलं — मला वाटलं, एव्हाना सांगितलंही असेल — तर तेव्हा म्हणाला, नको. तिला कळलं तर त्या दिवसाला हेच चिकटेल. एक दिवस तरी नुसता तिचा राहू दे."

आत्या गेली. मी चहाची भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

१४ जून
भिंतीवर त्या दिवसाचा फोटो आहे. मी काळ्या झग्यात, हातात पदवीची गुंडाळी. शेजारी बाबा, इस्त्रीच्या सदऱ्यात, दोन्ही हात पाठीमागे — शाळेत उभं केल्यासारखे.

हात मागे घ्यायला मी सांगितलं होतं. फळांच्या रसाने बोटं काळी पडली होती. वासही येत होता, आंबूस-गोड. मैत्रिणी जवळच होत्या. मी हळूच म्हणाले, "बाबा, हात मागे घ्या ना." त्यांनी घेतले. छायाचित्रकार म्हणाला, झालं, तरी मागेच ठेवले. जेवतानाच काढले पुढे.

परतल्यावर पिशव्यांचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा एवढंच म्हणाले होते, "नावापुढे पदवी टाक की." मी हसले होते. कॉफीला काय करायचीय पदवी!

१५ जून
लोकांना कळवायला तर हवंच. चाळीस घरांत माणसं कढईपुढे उभी आहेत, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. आता गप्प बसले तर ते माझं खोटं.

लिहायला बसले. 'माझ्या वडिलांनी' — पुढे जाईना. कागद फाडला. 'घरातल्या एका व्यक्तीने' — शी! फाडला. 'नजरचुकीने' — तो तर बारीक तुकडे करून फाडला.

बाबा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. सहा दिवसांनी पहिला शब्द — "मास्तरीण." लहानपणी म्हणायचे. "कागद किती नासतेस? लिही माझं नाव. केलंय मीच. खाली अंगठा देऊ का?"

थट्टा करत होते का? तोंडाकडे बघितलं. नव्हते करत.

मला माफी मागायची होती. मी म्हणाले, "कॉफी टाकू?"

"कुठली?" म्हणाले. "तुझी का आत्याची?"

मग आम्ही दोघंही हसलो, आणि मला रडू आलं, आणि बाबा जाळ्या बघायला म्हणून बाहेर गेले. जूनमध्ये जाळ्यांवर काहीही नसतं.

१७ जून
चाळीस पत्रं टाकून आले. जाळी नासली, धुतलेले दाणे मिसळले गेले, ज्याला हवं त्याने पिशवी परत पाठवावी — सगळं लिहिलं. कोणी मिसळले, तिथे लिहिलं 'मी'. खाली सही, पहिल्यांदाच पदवीसकट.

टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. 'मी' आलं तिथे 'माझ्या वडिलांनी' वाचलं.